माळाला पडीक म्हणू नका

साहित्य मंडळाच्या अंकात मातीचा विषय कशाला, असं कुणी विचारेल. पण माझं भांडण एका शब्दाशीच आहे, आणि तो शब्द म्हणजे 'पडीक'.

महूहून जानापावकडे जाताना जिथे शेत नाही, झाडं नाहीत, नुसतं गवत आहे, त्या जमिनीला आपण सहज पडीक म्हणून टाकतो. देशभरातल्या कितीतरी माळरानांची सरकारी कागदांतली नोंदही तशीच आहे. पडीक म्हणजे जिथे काहीच चाललेलं नाही अशी जागा. प्रत्यक्षात तिथला श्वास कधी थांबत नाही.

श्वास हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाहीये. गवताची मुळं आणि मातीतले सूक्ष्मजीव अन्न वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात. याला मृदा-श्वसन म्हणतात. त्यात वरच्या पात्यांचं आणि प्राण्यांचं श्वसन मिळवलं की ते अख्ख्या परिसंस्थेचं श्वसन होतं. त्याचा वेग ऋतू ठरवतो. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो, पण ओल असेल तरच. म्हणून मे महिन्यात माळव्याची काळी माती तापून भेगाळते, तेव्हा एवढ्या उन्हातही तिचा श्वास मंद असतो. मग पहिला पाऊस पडतो आणि सूक्ष्मजीव एकदम जागे होतात. कोरडी माती भिजल्यावर उठणाऱ्या या उसळीला 'बर्च परिणाम' म्हणतात. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ साली त्यावर लिहिलं होतं. ज्या मृद्गंधावर आपण दर जूनमध्ये कविता करतो, तोही बराचसा मातीतल्या जिवाणूंनीच बनवलेला असतो. पुढे झड लागली, मातीची छिद्रं पाण्याने भरली, की प्राणवायू कमी पडतो आणि श्वास पुन्हा मंदावतो.

हा सगळा खर्च झाला. जमा करतं ते गवत. ते हवेतला कार्बन घेतं आणि बराचसा मुळांवाटे जमिनीत ठेवतं. जगातल्या मातीत हवा आणि वनस्पती यांच्यापेक्षाही जास्त कार्बन साठलेला आहे. माळ नांगरला, खणला किंवा त्यावर बेसुमार चराई झाली, की जमा आटते आणि खर्च चालूच राहतो. त्यात उष्णता वाढली, तर साठवलेलंही हवेत जायला लागतं.

आणि इथेच मला वृक्षारोपणाबद्दल बोलायचं आहे. जुलै २०२४मध्ये इंदूरने एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपं लावून विश्वविक्रम केला. अभिमान मलाही वाटला. जिथलं जंगल तुटलं तिथे झाडं लावायलाच हवीत. पण जिथे मुळातच गवताचं राज्य आहे, तिथे खड्डे खणून दाट सावली केली तर गवत मरतं. त्याच्याबरोबर तणमोरासारखा पक्षीही जातो. याच पक्ष्यासाठी १९८३ साली रतलाम जिल्ह्यात सैलानाला अभयारण्य करावं लागलं, हे आपण विसरतो.

जमीन रिकामी ठेवणं परवडतं का, असा प्रश्न येईल. पण ती रिकामी आहे, हे ठरवलं कुणी? गुराख्याला ती कधीच रिकामी वाटली नाही. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतांची वेगवेगळी नावं मराठीत उगाच आलेली नाहीत. ज्याला ती ओळखता येत नाहीत, त्यालाच सगळा माळ पडीक दिसतो.

आम्हा कॅथलिकांना राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून आठवण दिली जाते की आपण मातीचेच आहोत. उत्पत्तीच्या पुस्तकात देव मातीच्या माणसात श्वास फुंकतो. तो श्वास फक्त आपल्याच वाट्याला आला, अशा थाटात मात्र आपण वावरतो.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वृक्षारोपणाला जाल तेव्हा कुदळ उचलण्याआधी एकच विचारा: इथे आधी काय उगवत होतं? उत्तर 'गवत' असेल, तर रोपं दुसरीकडे न्या. आणि आपल्या अंकात तरी यापुढे माळाला माळच म्हणूया.