अक्षराच्या माथ्यावरचे चिन्ह

ऱ्हस्व-दीर्घाचे महत्त्व मराठी वाचकाला निराळे सांगावे लागत नाही. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. वेलांटी किंवा उकार बदलला की अर्थ पालटतो, हे आपण शाळेतच शिकतो. तथापि तोच मराठी माणूस फ्रेंच, जर्मन किंवा स्पॅनिश मजकूर संगणकावर लिहू लागला, की अक्षरांवरच्या रेघा, टिंबे आणि लाटा सरसकट गाळून टाकतो. ती केवळ शोभेची चिन्हे आहेत, असे त्याला वाटते. शिवाय समोरच्या कळफलकावर ती कोठे दिसतही नाहीत. यांपैकी समजूत चुकीची आहे आणि अडचण सहज दूर होण्याजोगी आहे.

प्रथम समजुतीविषयी. पोर्तुगीज भाषेत आजी आणि आजोबा या दोन्ही शब्दांतील अक्षरे अगदी सारखी असतात. अखेरच्या ‘ओ’वर उजवीकडे झुकलेली रेघ असेल तर तो शब्द ‘अव्हॉ’ म्हणजे आजी, आणि काकपदासारखे चिन्ह असेल तर ‘अव्हो’ म्हणजे आजोबा. चिन्ह गाळले तर पत्र कोणाच्या प्रकृतीची चौकशी करीत आहे, हे घरातल्या माणसांनाही उमगणार नाही. जर्मन भाषेत ‘शोन’ म्हणजे ‘आधीच’. त्यातील ‘ओ’वर दोन टिंबे दिली की ‘श्योन’, म्हणजे ‘सुंदर’. स्पॅनिशमध्ये ‘पापा’ या शब्दाच्या शेवटच्या स्वरावर रेघ असेल तर तो वडिलांचा वाचक. ती नसेल तर लॅटिन अमेरिकेत त्याचा अर्थ बटाटा असा होतो!

मग ही चिन्हे कळफलकावर का नाहीत? आपल्याकडचे बहुतेक कळफलक अमेरिकन धाटणीचे आहेत, हे त्याचे कारण होय. १९६३ साली अमेरिकेत संगणकासाठी अक्षरांची जी प्रमाण संकेतावली ठरली, तीत अवघ्या १२८ जागा होत्या. इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यावयाच्या काही आज्ञा एवढ्यांतच त्या भरून गेल्या. फ्रेंच वा स्पॅनिश लिपीची निकड तेथे भासलीच नाही. पुढे १९९१ मध्ये युनिकोड संकेतावलीची पहिली आवृत्ती निघाली. तीत जगातील निरनिराळ्या लिप्यांच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक मिळू लागले. स्पॅनिशमधील लाट असलेल्या ‘एन्ये’चा क्रमांक २४१ आहे, तर आपल्या ‘ळ’चा २३५५. दोघेही आता एकाच पंगतीत बसले आहेत.

या एका ‘एन्ये’साठी स्पेनने जो आग्रह धरला, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्या संगणक-सामग्रीवर हे अक्षर नाही ती देशात विकू नये, असा तेथे नियम होता. हा नियम व्यापाराच्या आड येतो, तेव्हा तो काढून टाकावा, असे १९९१ मध्ये युरोपीय समुदायाकडून सुचविण्यात आले. स्पेनने ते मानले नाही. संस्कृतिरक्षणाचे कारण पुढे करून एप्रिल १९९३ मध्ये शासकीय आदेशाने तो नियम कायम राखला. फ्रान्समध्ये तर प्रचलित कळफलकावर चिन्हांकित मोठी अक्षरे लिहिणे स्वतः फ्रेंचांनाच अवघड जात असे. म्हणून २०१९ मध्ये तेथे सुधारित कळफलकाचे राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. भ्रमणध्वनीवर काम अगदी सोपे आहे. मूळ अक्षर दाबून धरावे. त्याची चिन्हांकित रूपे वर उमटतात, त्यांतील हवे त्यावर बोट सरकवावे. विंडोज प्रणालीच्या संगणकावर भाषेच्या व्यवस्थेत जाऊन ‘युनायटेड स्टेट्स–इंटरनॅशनल’ हा कळफलक जोडून घ्यावा. त्यानंतर एकेरी अवतरणचिन्ह दाबून इंग्रजी ‘ई’ दाबले की रेघ असलेले अक्षर मिळते. दुहेरी अवतरणचिन्हानंतर ‘यू’ दाबल्यास दोन टिंबांचे, आणि लाटेच्या चिन्हानंतर ‘एन’ दाबल्यास ‘एन्ये’ हे अक्षर उमटते. पहिली कळ दाबल्यावर पडद्यावर काहीच दिसत नाही, म्हणून गोंधळू नये. जुन्या टंकलेखन यंत्रावरही अशी कळ असे. ती चिन्ह उमटवी, पण कागद पुढे सरकवीत नसे, आणि त्याच जागी मग अक्षर उमटे. तिला ‘मृत कळ’ म्हणत. तीच रीत संगणकाने उचलली आहे. नुसते अवतरणचिन्ह हवे असेल, तर ते दाबून मग शब्दांतराची लांब कळ दाबावी.

क्वचितच गरज पडत असेल, तर ‘आल्ट’ कळ दाबून धरून उजवीकडील अंकांच्या पट्टीवर ०२४१ टिपावे. कळ सोडताच ‘एन्ये’ हजर होतो. अंकांची वेगळी पट्टी नसलेल्या लहान संगणकांवर मात्र ही युक्ती बहुधा चालत नाही. आणि जर्मन टिंबे काही केल्या उमटेनात, तर ती गाळण्याऐवजी त्या स्वरापुढे इंग्रजी ‘ई’ लिहावा. खुद्द जर्मन पारपत्रातील यंत्राने वाचावयाच्या ओळीत हीच रीत पाळली जाते.

या सर्वांत अधिक जपण्याची गोष्ट म्हणजे माणसाचे नाव. गोव्यात ‘जुआंव’ हे नाव परिचित आहे. पोर्तुगीज लेखनात त्यातील ‘ए’वर लाट असते आणि ती आपल्या अनुस्वाराप्रमाणे स्वर नाकातून उच्चारावयास सांगते. लाट काढली की जणू अनुस्वारच पुसला जातो. काही संगणकीय सूच्यांमध्ये तर चिन्हासह आणि चिन्हाविना लिहिलेली नावे दोन वेगळी माणसे ठरतात. मग पणजोबांची नोंद शोधणाऱ्याने हताश व्हावे, यात नवल ते काय? परप्रांतात ‘काळे’ यांना कोणी ‘काले’ लिहिले, की आपल्यालाही ते खटकतेच.

आज आपल्या कितीतरी घरांतील मुलेमुली परकीय भाषा शिकत आहेत, परदेशी विद्यापीठांकडे अर्ज करीत आहेत. त्यांच्या पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की कळफलकाची ही व्यवस्था घरातील संगणकावर आजच करून द्यावी. पहिल्या पत्रातील पहिला शब्द बहुधा पलीकडच्या माणसाचे नाव असतो. ते त्याच्या घरी जसे लिहितात तसे लिहिले, म्हणजे पुढचा मजकूर आपुलकीने वाचला जातो.