काउंटरमागची पोरं

दुकान मालकाचं असलं तरी माझ्या मते ते चालवतं काउंटरमागचं पोर. आखाजीच्या आधी जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर जाऊन बघा. खेड्यावरून आलेली बाई दबकतच विचारते, "काय भाव शे?" तिला "मॅडम, लेटेस्ट आयटम है" असं ऐकवलं की ती पुढच्या दुकानात. जो अहिराणीत बोलतो, आधी तिच्या ऐपतीतल्या साड्या उलगडतो, एखादीला "ही धुण्यात टिकणार नाही" असं आपणहून सांगतो, त्याच्याकडे ती पुढे लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायलाही येते. टार्गेटपायी महागडं गळ्यात मारणाऱ्याकडे येत नाही.

पण मंडळी, ही पोरं-पोरी दिवसभर उभी असतात हो! गिऱ्हाईक नसलं तरी कितीतरी ठिकाणी बसायची चोरी. कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायका यासाठी लढल्या आणि केरळने २०१८ मध्ये कायदा बदलून त्यांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसंच केलं. आपले मालक म्हणतात, बसलेला नोकर आळशी दिसतो. मी मास्तर माणूस, वर्गात मला खुर्ची होती. कुणी आळशी म्हटलं नाही! (गल्ल्यावर मालक स्वतः गादीवरच बसतो, ते वेगळं.) पायात गोळे आलेले असताना संध्याकाळच्या गर्दीत कोण हसून बोलेल?

माझे काही जुने विद्यार्थी या दुकानांत आहेत. शेटजी, यंदा आखाजीच्या आत काउंटरमागे स्टुलं ठेवा. प्लास्टिकची साधी चालतील.