आधी माप, मग सायकल

जून लागला की सायकल दुकानांत गर्दी होते. शाळेसाठी घेतलेली नवी सायकल, माळ्यावरून उतरवलेली जुनी, ताईकडून धाकट्या भावाकडे आलेली. ब्रेक, चेन, छर्रे, चाकाचा आउट हे सगळे आपण नीट पाहतो. पण जो ती चालवणार आहे, त्याला सीटवर बसवून पाहणे बहुतेक दुकानांत राहून जाते. मग काही आठवड्यांत गुडघा कुरकुरतो, हातांना मुंग्या येतात, बसायची जागा दुखते आणि सायकल जिन्याखाली जाते. गिऱ्हाईक समजते, सायकल आपल्या प्रकृतीला मानवत नाही. हा समज त्याच्या मनात आपल्या दुकानामुळे बसता कामा नये.

सुरुवात सीटच्या उंचीपासून करावी. गिऱ्हाइकाने भिंतीचा आधार घेऊन बसावे, पायडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ व्हायला हवा, कंबर मात्र एका बाजूला कलता कामा नये. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्याला साधारण 25 ते 35 अंशांचा बाक राहतो. मापपट्टीने काम करायचे असेल, तर टूर द फ्रान्स तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र आहे. जांघेपासून जमिनीपर्यंतच्या मापाला 0.883 ने गुणायचे. माप 80 सेंटीमीटर असेल, तर बीबीच्या, म्हणजे क्रँकच्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारे 70.6 सेंटीमीटर. कोणतीही पद्धत घ्या, सीटचा दांडा त्यावरच्या खुणेपेक्षा वर काढायचा नाही.

इथे गिऱ्हाईक अडते. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असा त्याचा आग्रह असतो. आपल्या रस्त्यांवरची रहदारी पाहता ही भीती खोटी नाही. म्हणून थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकवायला त्याला दुकानासमोरच शिकवावे आणि उंची एकदम न वाढवता दर आठवड्याला एक सेंटीमीटर वाढवावी.

दुसरी गोष्ट सीटचा कल. पुढचे टोक वर असेल तर नाजूक भागावर दाब येऊन बधिरपणा येतो. खाली असेल तर माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार तळहातांवर येतो. करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते म्हणणाऱ्याला हातमोजे विकण्याआधी सीटची पातळी आणि हँडलचे अंतर पाहावे. जाड जेलचे कव्हर हा तर सर्वांत खपणारा उपाय, पण लांबच्या फेरीत तो अनेकदा उलटतो. माणसाचे वजन बैठकीच्या दोन हाडांवर पेलले गेले पाहिजे. फार मऊ गादीत ती हाडे रुततात आणि मधल्या भागावर दाब वाढतो. सीटची रुंदी त्या हाडांमधल्या अंतराला जुळली पाहिजे. बायकांमध्ये हे अंतर सहसा जास्त असते, हे विशेष ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट हवा. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी हवा प्रत्येकाला लागत नाही. हलक्या माणसाला कमी, जड माणसाला जास्त, आणि मागच्या चाकावर भार अधिक म्हणून पुढच्यात थोडी कमी. व्हॉल्व्ह ट्यूबच्या जुन्या व्हॉल्व्हवर साधा गेज आतला दाब दाखवत नाही. तिथे माणूस बसल्यावर टायर किती दबतो ते डोळ्यांनी पाहावे. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप यांनी हवेचा टायर केला तो आपल्या मुलाच्या तीनचाकीचे हादरे कमी व्हावेत म्हणून; 1888 मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले, आणि पुढच्याच वर्षी तशाच टायरांवर सायकलपटू विली ह्यूमने शर्यती जिंकल्या. आज व्यावसायिक शर्यतींतले टायरही 23 मिलिमीटरवरून 28 पर्यंत रुंद झाले आहेत. आरामासाठी वेग सोडावा लागतो, ही समजूत आपणच गिऱ्हाइकाच्या डोक्यातून काढली पाहिजे.

आम्हाला सर्वांत जास्त काळजी शाळकरी मुलींची वाटते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. खडीच्या रस्त्याने रोज शाळा गाठणाऱ्या मुलीची उंची या वर्षांत वाढत असते, सीट मात्र पहिल्या दिवशी आवळली तिथेच राहते. तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकांनी जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत एक फेरी मारावी. एक पाना, एक पंप आणि एक दुपार एवढेच त्यासाठी लागते.

शहरातल्या दुकानदारांना मात्र आमचे सांगणे आहे की फिटिंगचे हे काम फुकट करू नका. फुकटचे काम घाईत उरकले जाते. दरपत्रकात पंक्चर आणि ओव्हरहॉलिंगच्या खाली फिटिंगची वेगळी ओळ घाला, सीटची उंची आणि दोन्ही टायरांची हवा बिलावर लिहून द्या आणि महिन्याने गिऱ्हाइकाला तपासणीसाठी बोलवा. ज्याचे अंग दुखत नाही तो सायकल रोज बाहेर काढतो, आणि रोज चालणाऱ्या सायकलीवरच आपला धंदा उभा आहे.