जिवंत कालव म्हणजे निर्दोष कालव नव्हे

खाडीत कालवे जोमाने वाढत आहेत, त्याअर्थी तेथील पाणी स्वच्छ असलेच पाहिजे, असा समज किनाऱ्यावर आढळतो. तो शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही व खाणाऱ्यास घातकही ठरू शकतो.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल परगण्यात फाल नदीची खाडी आहे. तांब्याच्या व कथलाच्या खाणींचे पाणी तिच्या एका फाट्यात दीर्घकाळ मिसळत आले. जानेवारी १९९२ मध्ये, आदल्या वर्षी बंद झालेल्या एका खाणीत साचलेले आम्लयुक्त पाणीही तेथेच लोटले. तरीही या खाडीत कालवे जगतात. मात्र जेथे तांबे अधिक, तेथे त्यांच्या मांसावर हिरवी झाक दिसते.

ही सोशिकता येते कोठून? कालव पाणी गाळून अन्न मिळविते. त्यासोबत धातूही शरीरात शिरतात. पाणी फार बिघडल्यास ते शिंपा मिटून घेते. परंतु कायमचे मिटून राहता येत नाही. मग शरीरात मेटॅलोथायोनीन हे गंधकयुक्त प्रथिन अधिक प्रमाणात तयार होते. घोड्याच्या मूत्रपिंडात १९५७ साली प्रथम आढळलेले हे प्रथिन कॅडमियम, तांबे, जस्त यांना बांधून ठेवते. काही धातू पेशींतील सूक्ष्म कणांत कोंडले जातात. प्रदूषण पिढ्यान्‌पिढ्या टिकल्यास, कीटकनाशकास न जुमानणाऱ्या किडीप्रमाणे, सोशिक जिवांचीच प्रजा वाढू शकते.

परंतु येथे विष नाहीसे झालेले नसते. ते केवळ साठविलेले असते. कालवाचा जीव वाचतो, आणि साठा खाणाऱ्याच्या ताटात येतो. स्वच्छ पाण्यात दोन दिवस ठेवल्याने बरेचसे जंतू निघून जातात. धातू कमी होण्यास मात्र आठवडे, प्रसंगी महिने लागतात. शिजविल्यानेही ते नष्ट होत नाहीत. म्हणूनच युरोपीय संघाने शिंपल्यांच्या मांसात कॅडमियमची मर्यादा किलोस १ मिलिग्रॅम ठरविली आहे.

सिंधुदुर्गाच्या खाड्यांत महिला बचतगट कालवे व शिनाणे यांची शेती करीत आहेत. अशा शेतीची जागा निवडताना बीज तगते की नाही एवढेच पाहणे पुरेसे नाही. कारखान्यांचे सांडपाणी येणाऱ्या खाड्या टाळाव्यात. केवळ पाण्याची नव्हे, तर मांसाचीही प्रयोगशाळेत वेळोवेळी तपासणी व्हावी. तिचा खर्च गटांच्या माथी मारणे न्याय्य नाही. तो शासनाने उचलावा आणि निष्कर्ष गावात जाहीर करावेत. धातू खाडीत सोडणाऱ्यांना मात्र उगमापाशीच रोखले पाहिजे. कालवाच्या सोशिकतेवर त्यांची जबाबदारी ढकलता येणार नाही.