कोल्हापुरात कुठं आलाय समुद्र?

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देते. माझ्या लेकीचा सातवीचा पर्यावरण प्रकल्प मी केला होता. रात्री साडेदहाला, भांडी आवरून झाल्यावर. विषय होता ‘सागरी जीवसृष्टीचे संरक्षण’. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून दहा-दहा रुपयांचे चित्रांचे तक्ते आणले. देवमासा, डॉल्फिन, कासव, शार्क कापून चिकटवले. खाली मजकूर तिने माझ्या सांगण्यावरून लिहिला, तोही पेंगत पेंगत. शेवटी वही छान दिसावी म्हणून तिला चकचकीत प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. वीसपैकी अठरा मार्क पडले. तुमच्यातल्या निम्म्या जणी हे वाचून गालातल्या गालात हसत असणार, मला माहीत आहे.

पण झोपायला जाताना लेकीने विचारलं, “आई, आपल्या कोल्हापुरात कुठं आलाय समुद्र? मग आपण काय वाचवायचं?”

बी.ए.ला माझा भूगोल होता, तरी उत्तर पटकन सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी नकाशा काढून बसलो. समुद्र आपल्यापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, रत्नागिरीला. पण आपलं पाणी तिकडं जातच नाही! गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर पडलेला पाऊस पश्चिमेला उतरला तर कोकणात आणि अरबी समुद्रात जातो. तोच पाऊस अलीकडे पडला की कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्यातून प्रयाग चिखलीला येऊन पंचगंगा होतो. गुप्त सरस्वती धरून पाच. तिथून नृसिंहवाडीला कृष्णा, आणि कृष्णेबरोबर कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून थेट बंगालच्या उपसागरात. आंध्रातल्या हंसलदीवी गावाजवळ ती समुद्राला मिळते. म्हणजे आपल्या नाल्यात टाकलेली पिशवी जाणार कुठं, तर देशाच्या दुसऱ्या टोकाच्या किनाऱ्यावर.

हे मी गल्लीतल्या पोरांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. एक सहावीतला मुलगा म्हणाला, “काकू, मधी अलमट्टी हाय, नागार्जुनसागर हाय. पिशवी तिथंच अडकंल की!” खरं होतं त्याचं. बरंचसं मधल्या धरणांतच अडकत असणार, पण अडकलं म्हणून ते नाहीसं होत नाही. नदीतले मासे, नदीकाठची म्हसरं यांचं काय, हा प्रश्न उरतोच. मुलांना सांगताना आपण जरा वाढवून सांगतो आणि ती आपल्याला बरोबर पकडतात. तेव्हापासून मी जपून बोलते.

समुद्र दाखवायचाच, असं आमच्या बचत गटातल्या चौघीजणींनी ठरवलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा सुवर्णकमळ मिळालेला ‘कासव’ चित्रपट नुकताच येऊन गेला होता, त्यामुळे विषय कानावर होता. 2018 च्या मार्चमध्ये गल्लीतली वीस पोरं घेऊन आम्ही वेळासला निघालो. रत्नागिरी जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात हे गाव आहे. नाना फडणवीसांचं गाव. कुंभार्ली घाटात अर्ध्या पोरांना उलट्या झाल्या, ते सविस्तर सांगत नाही.

वेळासची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी 2002 साली समुद्री गरुडांची पाहणी करत किनाऱ्याने फिरत होते. वेळासला त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तिथं ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येत होती, आणि गावातले लोक ती अंडी उकरून खात किंवा विकत होते. उरलेली कुत्री आणि कोल्हे खात. 1972 च्या वन्यजीव कायद्याने या कासवांना पूर्ण संरक्षण आहे, पण वाळूत रात्री दोन वाजता कायदा कोण वाचून दाखवणार? संस्थेने गावातल्याच माणसांना हाताशी धरलं. पहाटे किनाऱ्यावर फिरायचं, कासवीच्या पावलांचा माग काढायचा, अंडी काळजीपूर्वक उचलून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची. एकेका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात. पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात. तोवर राखण. ज्या माणसांना अंड्याची जागा नेमकी ठाऊक होती, तीच राखणदार झाली. 2006 पासून ‘कासव महोत्सव’ सुरू झाला, पाहुणे येऊ लागले आणि घराघरांत त्यांची सोय होऊ लागली.

आणि ही सोय करणार कोण? बायकाच की! आम्ही ज्या घरी उतरलो तिथल्या वहिनींनी वीस पोरांना आणि आम्हा चौघींना आमटी-भात, कुळथाचं पिठलं, शेवटच्या दिवशी उकडीचे मोदक करून घातले. हंगामातल्या या पैशांचा हिशेब त्या स्वतः ठेवत होत्या. “लहानपणी आम्ही पण खाल्लीत अंडी,” त्या सहज म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात लाज नव्हती नि फुशारकीही नव्हती. मला ते आवडलं. आपण शहरातले लोक खेड्यातल्यांना पर्यावरण शिकवायला जातो तेव्हा पहिल्यांदा त्यांना गुन्हेगार ठरवतो. भाऊंच्या संस्थेने ते केलं नाही, म्हणून वेळास उभं राहिलं असं माझं मत आहे.

पहाटे सगळे किनाऱ्यावर गेलो. कुंपणाच्या आत प्रत्येक घरट्यावर वेताची टोपली पालथी घातलेली. कासवमित्राने एकेक टोपली उचलली. पहिल्या टोपलीखाली काहीच नव्हतं. दुसरी आणि तिसरीही रिकामीच. त्या सकाळी एकही पिल्लू निघालं नाही. पोरं हिरमुसली, एक तर रडायलाच लागली. मला वाटलं, झालं, एवढा प्रवास वाया गेला. पण संध्याकाळी पुन्हा टोपल्या उचलल्या तेव्हा एकीखाली पाच पिल्लं होती. तळहातावर मावतील एवढी, काळसर, पाय हलवणारी. ती थेट पाण्यात सोडत नाहीत. वाळूवर दूर ठेवतात आणि दोरीच्या मागे सगळ्यांना उभं करतात. पिल्लांनी स्वतःच चालत जायचं. त्या चालण्यातच किनाऱ्याची ओळख त्यांच्यात ठसते आणि मोठी झाल्यावर माद्या अंडी घालायला त्याच भागात परततात, असं मानतात.

एक पिल्लू लाटेने तीनदा मागे ढकललं. तेरा वर्षांची माझी लेक माझा हात घट्ट धरून उभी होती. चौथ्यांदा ते गेलं. वीस पोरं, पण कुणाच्या तोंडून शब्द नाही. आमच्या गल्लीतली पोरं अशी गप्प मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिली नाहीत.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला आपल्या अंबाबाईच्या देवळातलं कासव आठवलं. कासवी पिल्लाला नुसत्या नजरेने वाढवते, असं संतांच्या वाङ्मयात येतं. आईच्या मायेचा केवढा सुंदर दाखला! प्रत्यक्षात ही समुद्रातली आई अंडी वाळूत पुरते, वरून वाळू लोटते आणि निघून जाते. पिल्लाचं तोंडही पाहत नाही. हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं म्हणतात. मग नजर ठेवायची कुणी? वेळासात ती ठेवत होते गावातले पुरुष पहाटे, आणि त्यांना वेळेवर चहा करून देणाऱ्या बायका.

आता माझी दुसरी कबुली. परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा गाडीतला कचरा काढला. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या, चमचे, आणि मी स्वतः घरून एकेकाची वेगळी बांधून आणलेली चिवड्याची प्लॅस्टिकची पाकिटं. समुद्री कासवं जेलीफिश खातात, पाण्यात तरंगणारी पिशवी त्यांना तशीच वाटते, हे कालच पोरांनी ऐकलं होतं. त्या सहावीतल्या मुलाने मोजायला सुरुवात केली. एकोणसाठ नग. “काकू, ह्यातली चोवीस तुमच्या चिवड्याची,” तो म्हणाला. मी काय बोलणार? त्याच महिन्यात राज्यात प्लॅस्टिकबंदी जाहीर झाली, 23 मार्चला. आमच्या गाडीत ती जरा लवकरच झाली एवढंच.

पुढं काय झालं तेही सांगते, कारण अशा लेखांत बहुतेक वेळा सगळं गोड होतं आणि वाचणारीला वाटतं आपल्याच घरी कसं जमत नाही. आमच्या वीस पोरांतली चार-पाचच पोरं टिकली. बाकीच्यांचं कासव महिन्याभरात विसरलं. बचत गटाने जुन्या साड्यांच्या कापडी पिशव्या शिवल्या. कौतुक खूप झालं, विक्री बेताची झाली. एका आईने मला रस्त्यात गाठलं, “तुमच्यामुळं माझं पोरगं मंडईत भाजीवाल्याशी भांडतंय. लाज जाती माझी.” मी तिची क्षमा मागितली, पण मनातून मला बरं वाटलं.

मग 2019 चा महापूर आला. पाणी ओसरल्यावर पंचगंगेच्या काठची झाडं तुम्ही पाहिली असतील. माणसाच्या डोक्यावर दोन-दोन पुरुष उंच फांद्यांना पिशव्या लटकत होत्या. आपणच टाकलेलं नदीने परत आणून टांगलं होतं. लेक म्हणाली, “मधल्या धरणांपर्यंत पण गेलं नाही बघ आई.”

एक मात्र मला स्पष्ट म्हणायचं आहे. मुलांच्या खांद्यावर सगळं टाकून आपण मोकळं होऊ नये. गावोगावचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी प्रक्रिया न होता नदीत जातं, ते सहावीतल्या पोराच्या कापडी पिशवीने थांबणार नाही. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ आली, माणसं दगावली. तो प्रश्न मतदारांचा आहे. ‘पृथ्वी बुडणार, सगळे प्राणी मरणार’ असं सांगून लहान मुलांना घाबरवणंही मला पटत नाही. घाबरलेलं मूल कान झाकून घेतं. दहा वर्षांच्या मुलाला आधी एखादा जीव आवडू द्या. तो समुद्रातलाच हवा असं नाही. रंकाळ्यावरचा बगळाही चालतो, पंचगंगेतला मासाही चालतो. जे आवडतं त्याच्यासाठी ते पुढं आपणहून भांडतं, मंडईत का होईना. आणि नगरसेवक दारात मत मागायला येईल तेव्हा नाल्याचं काय झालं, हे विचारायचं काम आपलं.

2025 च्या जानेवारीत लेकीने मला कॉलेजातून फोन केला. एरवी फोन पैशांसाठी येतो. म्हणाली, “आई, बातमी वाचलीस? गुहागरला एक कासवी अंडी घालायला आली, तिच्या पायाला बिल्ला होता. 03233. तो बिल्ला ओडिशात घातलाय, 2021 ला!” ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर अंडी घातलेली ती मादी भारताला अर्धा वळसा घालून, साडेतीन हजार किलोमीटर पोहून कोकणात आली असावी असा तज्ज्ञांचा अंदाज. आपली कृष्णा ज्या समुद्राला मिळते, त्याच समुद्रातून निघून ती आपल्या घाटाखाली पोचली. लेक कितीतरी वेळ बोलत होती. मी नकाशा शोधून काढला आणि पुन्हा बोट फिरवलं.

मागच्या महिन्यात शेजारचा तिसरीतला मुलगा वही घेऊन आला. “काकू, प्रकल्पाला कासवाचं चित्र हाय का?” मी म्हटलं, चित्र नाही, पण रविवारी सकाळी माझ्याबरोबर पंचगंगेच्या घाटावर चल, पेन्सिल घे. दोन तास बसलो आम्ही. त्याने जे दिसलं ते काढलं: तीन बगळे, पाण्यात बसलेल्या चार म्हशी, एक खंड्या, एक कुत्रं, निर्माल्याचा ढीग आणि एकाच पायाच्या दोन चपला. खाली स्वतःच्या अक्षरात नावं लिहिली. ‘म्हैस’ चुकवलं.

शाळेत त्याला वीसपैकी अकरा मार्क पडले. त्याची आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पोरगा मात्र परवा विचारायला आला होता, पुन्हा कधी जायचं म्हणून.