अंगठा वर केला म्हणजे होकार दिला?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. भुसावळला आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. माहेर यावल तालुक्यातलं, केळीच्या बागायतीचं. सासर इथलंच, नवरा रेल्वेत. बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "ताई, मी आंगठा देऊन बसली. आता काही होईन का?"

मला वाटलं, स्टँपपेपरवर अंगठा उठवून घेतला असणार. अशा बायका आमच्याकडे नेहमीच येतात. पण बाई सातवीपर्यंत शिकलेल्या, सही करणाऱ्या. मग अंगठा कसला? त्यांनी पदराखालचा मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. व्हॉट्सॲपवर भावाबहिणींचा ग्रुप होता. थोरल्या भावाने लिहिलं होतं, 'बाबांच्या नावावरचं शेत आम्ही दोघं भाऊ आमच्या नावे करून घेतो. बहिणींची हरकत नसावी.' पुढे जोडलेल्या हातांचं चित्र. त्याखाली तीन बहिणींचे तीन अंगठे. पिवळे, गुळगुळीत, वर केलेले.

"मी वाचलं म्हनून आंगठा देला, ताई. मले काय माहीत त्याचा होकार होते म्हनून?"

भाऊ आता तो पडदा कागदावर छापून घेऊन फिरत होता. नातेवाइकांना दाखवत होता. 'तूच तर अंगठा दिला होतास. आता रजिस्ट्रारकडे सही करायला ये, नाहीतर माहेर विसर.' बाईंना शेत जाण्याइतकंच दुःख याचं होतं की आपण शब्द दिला आणि आता फिरवतो आहोत. न दिलेल्या शब्दाचं ओझं त्या महिनाभर वाहत होत्या.

'एवढ्याशा चित्रावरून काय लेख लिहायचा?' असं कुणी म्हणेल. मैत्रिणींनो, ज्याच्या हाताला काही लागलेलं असतं, त्याला ते चित्र एवढंसं वाटत नाही. तो ते छापून घेतो, जपून ठेवतो. एवढंसं ते फक्त आपल्यालाच वाटतं. म्हणूनच त्याविषयी बोललं पाहिजे.

अंगठ्याचा आणि आपला संबंध जुना आहे. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा करारावर उमटवून घेतला. हेतू सरळ होता: माणसाला धाक बसावा, पुढे 'हे माझं नाही' असं त्याने म्हणू नये. नंतर बोटांचे ठसे जगभर गेले. आपल्याकडे सावकाराच्या वहीवर, तलाठ्याच्या कागदावर, मजुरीच्या पत्रकावर अंगठा उठत राहिला. ज्याला कागद वाचता येत नाही त्यालाच कागदाने बांधून घ्यायचं, हा त्या अंगठ्याचा अर्थ. १९९० च्या दशकात साक्षरता अभियानात आपल्या आया, मावश्या, काकू कंदिलाच्या उजेडात पाटीवर स्वतःचं नाव गिरवायला शिकल्या, ते या अंगठ्यातून सुटण्यासाठी. सही करता आली त्या दिवशी कित्येकींनी घरात गोडधोड केलं.

आणि आता लिहिता-वाचता येणाऱ्या त्यांच्या लेकी दिवसातून वीस वेळा अंगठा देतात! विरोध पाहा: रेशन दुकानात केळीच्या चिकाने काळवंडलेला, राबून रेषा पुसट झालेला खरा अंगठा यंत्र ओळखत नाही. बाईला परत पाठवतात. पण फोनमधल्या रेषाच नसलेल्या अंगठ्यावर भावाचा मात्र पूर्ण विश्वास.

कायदा काय म्हणतो ते आधी स्पष्ट सांगते. बाईंचे वडील मृत्युपत्र न करता वारले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अशा वेळी वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्माने हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, साऱ्या देशात तो २००५ मध्ये आला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ साली वडील हयात होते की नव्हते याने या हक्कात फरक पडत नाही. स्थावर मालमत्तेतला हा हक्क सोडायचा तर लेखी हक्कसोडपत्र लागतं आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे. हे ऐकल्यावर बाईंनी पहिल्यांदा पेलाभर पाणी घेतलं.

पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. मोबाइलमधला मजकूर न्यायालयात पुरावा म्हणून दाखल होऊ शकतो. 'घरात तोंडी वाटणी ठरली होती, बहिणी राजी होत्या' असं म्हणणाऱ्याला हाच अंगठा कामी येईल. जगात असं घडलंही आहे. कॅनडात २०२१ मध्ये धान्य-खरेदीदाराने एका शेतकऱ्याला जवस विकण्याचा करार फोनवर पाठवला. शेतकऱ्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. माल दिला नाही. त्याचं म्हणणं होतं, करार मिळाला एवढंच मी सांगितलं. २०२३ मध्ये न्यायालयाने तो अंगठा सहीसारखा धरला आणि त्याला सुमारे ८२ हजार डॉलर भरायला सांगितले. त्या दोघांमध्ये असे व्यवहार फोनवरच्या एका 'ठीक'वर पूर्वीही झाले होते, हे न्यायालयाने पाहिलं.

आता आपल्याकडचा दाखला घ्या, तोही रेल्वेचा. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात तो माहीत असायला हवा. रेल्वे सुरक्षा दलातल्या एका अधिकाऱ्याच्या खुनाविषयीचा मजकूर दलाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. एका जवानाने खाली अंगठा टाकला. खुनाचा आनंद साजरा केला असं ठरवून त्याला नोकरीवरून काढलं. मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं की अंगठा म्हणजे 'ठीक, पाहिलं' एवढाच अर्थ घेता येतो, आणि त्याची नोकरी परत देण्याचा निर्णय कायम केला.

दोन न्यायालयं, एकच चित्र, दोन अर्थ. दोन्ही ठिकाणी न्यायाधीशांनी विचारलं, हा अंगठा कुणी, कुणाला, कोणत्या संदर्भात दिला? माझा प्रश्न एवढाच आहे: माहेरच्या ओट्यावर बसलेल्या त्या नातेवाइकांपैकी एकाने तरी बाईंना विचारलं का, 'तुला काय म्हणायचं होतं?' जवानाच्या अंगठ्याचा अर्थ लावायला उच्च न्यायालय बसलं. बहिणीच्या अंगठ्याचा अर्थ भावाने एकट्याने लावला.

अंगठ्याची ही तऱ्हा, तर जोडलेल्या हातांची आणखी वेगळी. हे चित्र मूळ जपानी मोबाइलमधून आलं. तिथे ते 'कृपया' आणि 'आभारी आहे' यासाठी. २०१० मध्ये ते जागतिक संकेतांच्या यादीत गेलं. आपण त्यात आपला नमस्कार पाहिला, यात काही वावगं नाही. पण बायका हे हात कुठे वापरतात ते पाहा. कामाला येता येणार नाही: जोडलेले हात. माझेच पैसे परत द्या: जोडलेले हात. रात्री फोन करू नका: जोडलेले हात. नकार द्यायचा तोही गयावया करून, हे घरात शिकवलेलं आपण फोनवरही गिरवतो.

आमच्याकडे आलेल्या एका मुलीचा अनुभव असा. एका छोट्या दुकानात ती हिशेब लिहायची. मालक रात्री अकराला 'जेवलीस का, एकटी आहेस का' असं विचारायचा. नोकरीची गरज, म्हणून ती दर वेळी जोडलेले हात पाठवून फोन बंद करायची. तक्रार केल्यावर मालक म्हणाला, 'ती तर नमस्कार करायची, तिला राग कुठे होता?' दहापेक्षा कमी माणसं काम करतात तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तिने ती केली. पण तिला पहिला तासभर आपल्या हातांचाच खुलासा द्यावा लागला.

हे आपल्याला नवीन नाही. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणून १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ मध्ये चार कायदा-शिक्षकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्याच लिहिली गेली: शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य प्रकारे दिलेली, स्पष्ट आणि स्वेच्छेची. प्रतिकार केला नाही म्हणून संमती धरता येत नाही. आजच्या भारतीय न्याय संहितेतही हेच आहे. बाईच्या गप्प राहण्याचा अर्थ दुसऱ्याने लावायचा नाही, हे कायद्यात यायला इतकी वर्षं लागली. तो धडा शेताच्या वाटणीत आणि दुकानाच्या गल्ल्यावरही लागू व्हायला नको का?

बाईच्या हाताकडे जगाचं लक्ष नसतं असं नाही. दक्षिण कोरियात २०२१ मध्ये एका दुकान-साखळीच्या जाहिरातीत चिमटीत काही धरणारा हात होता. तिथल्या पुरुष-गटांनी ओरड केली, की ही स्त्रीवाद्यांनी पुरुषांची टिंगल करण्याची खूण आहे. कंपनीने जाहिरात मागे घेतली, माफी मागितली. पुरुषाच्या मानाला धक्का लागेल अशी शंका आली तर चिमटीएवढा हातही दिसतो.

मग मदत मागणारा हात दिसतो का? एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत बायका मारकुट्या माणसांबरोबर घरात कोंडल्या गेल्या, तेव्हा कॅनडातल्या एका महिला प्रतिष्ठानाने एक खूण सुचवली. तळहात समोरच्याकडे करायचा, अंगठा आत दुमडायचा, त्यावर चार बोटं मिटायची. व्हिडिओवर बोलताना करता येते, फोनमध्ये लेखी काही उरत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत केंटकी राज्यात गाडीतून नेल्या जाणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलीने ही खूण केली. मागच्या गाडीतल्या माणसाला ती माहीत होती. त्याने पोलिसांना कळवलं, मुलगी सुटली.

ही खूण मी मुलींच्या शिबिरात शिकवली. अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, मी हात दाखवीन. पण बघणाऱ्याला कळेल का?" तिचं बरोबर आहे. खूण मुलींना शिकवून आपण मोकळ्या होतो. शिकवायची ती रिक्षावाल्यांना, एसटीच्या वाहकांना, फलाटावरच्या हमालांना आणि चहावाल्यांना, शेजारणींना. आणि खूण दिसली तर आरडाओरडा करायचा नाही. फोनवर असाल तर 'हो-नाही'त उत्तर देता येईल असं विचारायचं. मग १८१, ११२ किंवा गाडीत असाल तर १३९.

आता आमची चूक. बचतगटाच्या कर्जाचा व्याजदर बदलायचा होता. बैठक घ्यायला वेळ नव्हता. मी ग्रुपवर मजकूर टाकला, अकरा अंगठे आले, ठराव मंजूर धरला. पुढच्या महिन्यात कळलं की सहा अंगठे मुलांनी दाबले होते. फोन घरात एकच, तो मुलाच्या खिशात. काहींना ठराव झाला हेच ठाऊक नव्हतं. त्या भावाने केलं तेच मी केलं होतं: सोयीचा अर्थ लावला होता. ठराव रद्द करून पुन्हा बैठक घेतली. तेव्हापासून आमच्या गटात अंगठा मोजत नाही.

म्हणून माझं म्हणणं: पैसा, जमीन आणि शरीर या तीन बाबतींत चित्र पाठवू नका, शब्द लिहा. 'वाचलं. विचार करून सांगते.' एवढे शब्द पुरेत. निरोप उघडला हे सांगायला त्या निळ्या खुणा आहेतच. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका प्रकरणात त्यावरून नोटीस पोचल्याचं मान्य केलं होतं. लिहायला जमत नसेल तर आवाजात बोलून पाठवा. नकाराला हात जोडू नका. 'नाही' हे पूर्ण वाक्य आहे. हात जोडायचे ते खऱ्या आदराला आणि आभाराला, मूठ वळायची ती सोबतीला. आणि दुसरीचा अंगठा आला तर तिला विचारा, 'वाचलं म्हणून, की कबूल म्हणून?'

आमच्या खानदेशातल्या बहिणाबाईंना अक्षर येत नव्हतं, पण शब्द होते. दुसऱ्यांनी लिहून घेतले, आणि आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आपल्याला अक्षर येतं आणि आपण शब्द सोडून चित्रं वाटतो. मुलीचे हात पिवळे केले की माहेरचा हक्क संपला, असं मानणारा समाज आहे हा. फोनमधल्या पिवळ्या हाताने त्याचं काम आणखी सोपं करून देऊ नका.

त्या बाईंनी आमच्यासमोर बसून, एकेक अक्षर शोधत, ग्रुपवर लिहिलं: 'दादा, मी फक्त वाचलं होतं. माझी संमती नाही. मला माझा हिस्सा पाहिजे.' दादाचं उत्तर आलं नाही. धाकट्या बहिणीचा मात्र लगेच अंगठा आला. बाईंचा चेहरा उजळला. "पाहा ताई, लहानी माह्यासंगं हाये!" मी म्हटलं, फोन करून विचारा. त्यांनी केला. पलीकडून धाकटी म्हणाली, "अव, मी तं फक्त वाचलं."

काम इथून सुरू होतं.