परक्या रिंगणातला विजय आणि परतीच्या गाडीतले बोलणे

स्मरणिकांमध्ये खेळाविषयी जे लेखन येते ते बहुधा खेळाडूंविषयी असते. ढाली, चषक, तालुका व जिल्हा पातळीवरील क्रमांक आणि संघाचे छायाचित्र एवढ्यात तो विषय आटोपतो. रेषेबाहेर उभे राहून घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्यांविषयी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांविषयी, कोणी लिहीत नाही. या लेखाचा विषय तेच आहेत. निमित्त मात्र फार दूरचे, अमेरिकेतील महाविद्यालयीन हॉकीचे आहे.

या शाळेतून बाहेर पडल्यावर पुढील शिक्षणासाठी काही वर्षे मी त्या देशात होतो. तेथे हॉकी म्हटले की ती बर्फावरची. सुमारे दोनशे फूट लांबीचे गोठविलेले रिंगण, पायांत धारदार पात्यांचे बूट, चेंडूऐवजी रबराची जाड चकती, गोलरक्षकासह एका बाजूचे सहा खेळाडू आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. आपल्या मैदानी हॉकीवर वाढलेल्या माणसाला पहिला तासभर चकतीच दिसत नाही. दिसतो तो प्रेक्षकांचा सागर, आणि तो जवळजवळ सगळा यजमानांचा असतो.

या खेळात परक्या रिंगणात जिंकणे कठीण असते, आणि त्याला केवळ आरडाओरडा कारणीभूत नाही. खेळ थांबला असता पाहुण्या संघाने आपले खेळाडू आधी उतरवायचे, ते पाहून यजमानांनी आपले निवडायचे, असा नियमच आहे. समोर कोण उभा राहणार हे ठरविण्याचा शेवटचा अधिकार घरच्यांचा. शिवाय रिंगणाची रुंदी सर्वत्र सारखी नसते; कोठे ८५ फूट, तर कोठे १०० फुटांपर्यंत. घरच्यांना त्या रुंदीची सवय असते, पाहुण्यांना एका संध्याकाळीत ती करून घ्यावी लागते. ही अडचण तेथील हॉकीच्या कारभाऱ्यांनी हिशेबातही धरली. राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडताना जे गणित मांडले जाते, त्यात २०१३-१४ च्या हंगामापासून घरच्या विजयाला ०.८ आणि बाहेरच्या विजयाला १.२ असे वजन देण्यात आले. विषमता आहे हे आधी मान्य करणे आणि मग मोजमाप दुरुस्त करणे, हा त्यातला विचार मला फार मोलाचा वाटतो.

एका हिवाळ्यात आमच्या विद्यापीठाच्या समर्थकांबरोबर मी असाच एक सामना पाहायला गेलो. चार तासांचा प्रवास, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि त्या मोठ्या प्रेक्षागृहाच्या एका कोपऱ्यात आम्ही चाळीसएक माणसे. आमचा संघ एका गोलने जिंकला. परतीच्या गाडीत कोणालाच झोप आली नाही. सामना संपला होता, चर्चा सुरू झाली होती.

त्या चर्चेत तीन सूर होते. जिंकूनही काही जण पंचांचे चुकलेले निर्णय मोजत होते. काही जण यजमान गावाची टर उडवीत होते. तेथील माणसे कशी अडाणी, त्यांचे बोलणे कसे ओबडधोबड, याच्या नकला चालल्या होत्या. पुढच्या आसनावर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्या पुष्कळ वर्षांपासून संघामागे गावोगाव फिरत होत्या. बराच वेळ ऐकून घेऊन त्या एवढेच म्हणाल्या की, शेवटच्या दहा मिनिटांत त्यांच्या गोलरक्षकाने जे अडवले ते अडवले नसते, तर आपला विजय आपल्याला इतका गोड लागला नसता. गाडीत क्षणभर शांतता पसरली. मग कोणीतरी त्या गोलरक्षकाने अडविलेला एक फटका वर्णन करू लागला, आणि पुढचा तासभर आम्ही खेळाविषयी बोललो.

नकला करणाऱ्यांचा सूर मला नवीन नव्हता. त्या देशात त्याला जुना इतिहासही आहे. कॉर्नेल विद्यापीठात शेतीशास्त्राचे मोठे महाविद्यालय आहे. १९७३ मध्ये हार्वर्डच्या समर्थकांनी त्यावरून खिजविण्यासाठी कॉर्नेलच्या गोलरक्षकाच्या दिशेने कोंबडी फेकली. पुढे हार्वर्डचा संघ कॉर्नेलच्या लायना रिंगणात आला तेव्हा समुद्रकाठच्या त्या पाहुण्यांवर मासे फेकण्यात आले, आणि ती प्रथाच पडून गेली. आज हा किस्सा हसत हसत सांगितला जातो. हसण्यासारखा तो आहेही. पण शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मला त्यातली कोंबडी प्रथम आठवते. विद्येच्या आवारात शेतीवरून हिणवले जाण्याची चव आपल्यापैकी अनेकांनी घेतलेली आहे.

याच कॉर्नेलच्या समर्थकांकडून घेण्यासारखी दुसरी गोष्टही आहे. त्यांचा संघ हार्वर्डला खेळायला जातो तेव्हा पाचशेहून अधिक किलोमीटरचे अंतर ओलांडून ते इतक्या संख्येने तेथे पोहोचतात की, हार्वर्डच्या रिंगणाला गमतीने ‘पूर्वेकडचे लायना’ म्हटले जाते. १९७० मध्ये या विद्यापीठाचा संघ २९ पैकी २९ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. त्या स्पर्धेच्या इतिहासात एकही सामना न हरता वा न बरोबरीत सोडवता विजेता ठरलेला दुसरा संघ नाही. असा पराक्रम खेळाडूच करतात हे खरे. परंतु परक्या गावी आपल्या बाजूने ओरडणारा एक कोपरा असणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे तो त्या कोपऱ्याचा वाटा नाकारणार नाही.

समर्थकांच्या अभिमानाची कसोटी लागते ती दुसऱ्याच्या सन्मानाचा प्रश्न येतो तेव्हा. नॉर्थ डकोटा विद्यापीठाचा हॉकी संघ अनेक दशके तेथील मूळ रहिवासी सू जमातींच्या नावाने खेळत असे. महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने २००५ मध्ये अशा नावांवर निर्बंध आणले. नाव न बदलणाऱ्या संस्थेला हंगामानंतरच्या राष्ट्रीय सामन्यांचे यजमानपद मिळणार नव्हते. म्हणजे घरच्या रिंगणाचा लाभच जाणार होता. त्या जमातींतही एकमत नव्हते. अखेर २०१२ च्या जूनमध्ये राज्यात मतदान झाले आणि सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी जुने नाव सोडण्याच्या बाजूने कौल दिला. २०१५ मध्ये संघाला नवे नाव मिळाले. तरीही त्यानंतर अनेक समर्थक सामन्याच्या वेळी जुन्याच नावाचा घोष करीत राहिले. त्यांचे संघावरील प्रेम खोटे नव्हते. पण ज्यांचे नाव घेतले त्यांनाच ते बोचत असेल, तर तो घोष कोणासाठी, हा प्रश्न त्या प्रेमाने स्वतःला विचारायला हवा होता.

हे सारे आपल्या शाळेच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. आपला कबड्डीचा किंवा खो-खोचा संघ बाहेरगावी जातो तेव्हा त्याच्याबरोबर कोण असते ते आठवून पाहावे. एक शिक्षक आणि पाण्याचा डबा सांभाळणारा एक राखीव खेळाडू. मुलींच्या संघाची स्थिती याहून बिकट; त्या दुसऱ्या गावच्या मैदानावर उतरतात तेव्हा त्यांच्या बाजूने टाळी वाजवणारे एकही माणूस नसते. संघ जिंकून आला तर रात्री भोजनगृहाच्या पंगतीत चर्चा रंगते. तेथेही तेच तीन सूर उमटतात, फक्त तिसरा बहुधा उमटत नाही. पंच त्यांच्याच गावचा होता, ती शहरातली बूटवाली पोरे कशी पडली, एवढ्यावर जेवण उरकते. समोरच्या संघातल्या एखाद्या चढाईपटूचे नाव कोणाला विचारावे, तर ते कोणालाच ठाऊक नसते.

मला हा प्रश्न खेळापुरता वाटत नाही. या वसतिगृहातून बाहेर पडणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी पुढचे आयुष्य परक्या मैदानावरच काढणार आहे. शहरातले महाविद्यालय, मुलाखतीची खोली, कचेरी, सभागृह, या ठिकाणी बाके दुसऱ्यांची असतात, पंच त्यांच्या ओळखीचा असतो आणि शेवटचा खेळाडू उतरविण्याचा अधिकारही त्यांचाच असतो. तेथे कोणी १.२ चे वजन देईलच असे नाही. अशा वेळी दोन गोष्टी उपयोगी पडतात. कोपऱ्यात का होईना, आपली चार माणसे आली आहेत ही खात्री; आणि समोरच्याचे बळ नीट पाहण्याची सवय. ज्याला प्रतिस्पर्ध्याचे गुण दिसत नाहीत त्याला आपण का जिंकलो हेही कळत नाही, मग पुढच्या वेळी का हरलो हे कोठून कळणार?

म्हणून संस्थेच्या चालकांना माझी दोन सूचनांची विनंती आहे. पहिली, प्रत्येक बाहेरच्या सामन्याला किमान वीस विद्यार्थी प्रेक्षक म्हणून पाठवावेत, आणि याची सुरुवात मुलींच्या संघापासून करावी. दुसरी, परतल्यावर संध्याकाळच्या सभेत त्या प्रेक्षकांपैकी एकाने उभे राहून समोरच्या संघाने काय चांगले केले ते सर्वांना सांगावे. विजय असो वा पराभव.

खर्चाचा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. एस. टी. च्या वीस तिकिटांचे पैसे कोठून तरी काढावे लागतील. माजी विद्यार्थ्यांनी वर्षाला एका सामन्याचा प्रवास उचलला तर हा भार कोणालाच जाणवणार नाही. माझ्या वाट्याचा एक सामना मी आजच मागून ठेवतो. मुले तेथे भांडणे करतील ही भीतीही अनाठायी नाही. पण प्रेक्षक होणे हीदेखील शिकण्याची गोष्ट आहे, आणि न शिकविता ती येत नाही.

त्या रात्री गाडीतून उतरताना मी त्या वृद्ध बाईंना विचारले की, इतक्या लांब दरवेळी का येता? त्या म्हणाल्या, मुलांनी मान वर करून पाहिले तर कोणीतरी दिसले पाहिजे. आपल्या मुलींनी पुढच्या हंगामात मान वर केली तर त्यांना कोण दिसणार आहे, एवढे आपण ठरवावे.